लिंबाजीची पट्टी

फार वर्षांपूर्वी, हिवरगव्हाणात सगळी माळवदाचीच घरं होती तेव्हा, तिथं लिंबाजी नावाचा गवंडी राहत होता. दगडाच्या भिंती, वर लाकडाचं छत आणि छतावर पांढऱ्या मातीचा थर, अशी ती घरं. माळवद गळायला लागलं की माणसं वर आणखी एक थर चढवायची. आजानं एक चढवला, बापानं दुसरा, लेकानं तिसरा. खालच्या भिंतीला किती भार झाला, हे विचारायला सवड होती कुणाला? तहान लागल्यावर विहीर खणणारी जात आपली. भिंतीला भेग पडली की मग धावायचे लिंबाजीकडे.

लिंबाजी भिंतीला कान लावायचा. भिंती त्याच्याशी बोलायच्या, असं म्हणतात. कुठला दगड सुटला, कुठं आत पोकळ झालं, ते ऐकून तो भेग उकरायचा, चुना भरायचा आणि भिंतीच्या या अंगापासून त्या अंगापर्यंत पोचणारा एक लांब दगड आडवा घालायचा. शेवटी भेगेवर दोन बोटं रुंदीची चुन्याची पट्टी लावून ठेवायचा. पट्टी अखंड राहिली तर भिंत निजली म्हणायची. पट्टी चिरली तर भिंत अजून सरकतेय, घर सोडायचं. त्या पट्टीच्या चुन्यात गूळ किती आणि बेलफळाचा गर किती, हे त्यानं एका लेकीला सोडून कुणालाच सांगितलं नाही. तिचं नाव केवळा. बिनआईची पोर, बापाजवळ चुना मळत मळतच मोठी झाली.

केवळाला त्यानं गावातच, ढग्यांच्या घरी दिली. लेक डोळ्यांसमोर राहावी, एवढीच त्याची हाव. पण ढग्यांच्या माळवदावर गावात सगळ्यांत जास्त माती होती. पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली.

"आधी वरची माती उतरवा," लिंबाजी म्हणाला. "मग मी दगड घालतो."

केवळाची सासू गोदामाय ठसक्याची बाई. ती म्हणाली, "भर पावसाळ्यात घर उघडं करू का? दिवाळी होऊ द्या, मग बघू."

मग लिंबाजीनं नुसती पट्टी लावली. आठ दिवसांत ती चिरली. त्यानं दुसरी लावली, तीही चिरली. दोन्ही वेळा व्याह्या-विहिणीची जुंपली आणि दोन्ही वेळा केवळा चुलीपुढं तोंड लपवून रडली. तिसरी पट्टी लावताना लिंबाजी म्हणाला, "आता ही चिरली तर लेकीला घेऊन जातो. तुमचं तुम्ही बघा."

दसरा आला. घरोघर भिंतींना पांढऱ्या मातीचा पोतारा चालला होता. ढग्यांकडे तर केवळाच्या नणंदेला बघायला पाहुणे यायचे होते, त्यामुळं सगळ्या भिंती पांढऱ्याशुभ्र झाल्या. दसऱ्याच्या आदल्या सकाळी केवळानं बघितलं, तिसरी पट्टी मधोमध चिरलेली.

गोदामाय तिच्या मागं येऊन उभी राहिली. "पाहुणे दारात आणि तुझा बाप घर रिकामं करा म्हणून वरडणार," ती हळूच म्हणाली. "माझ्या पोरीचं जमायचं न्हाई, बाय."

केवळानं पदर खोचला. बापानं शिकवला होता तसाच चुना मळला. चिरलेली पट्टी खरवडून काढली आणि तिथंच नवी लावली.

दुपारी लिंबाजी आला. पट्टी अखंड होती, आणि भोवतीचा पोताराही ताजाच, त्यामुळं तिचा ओलावा उठून दिसत नव्हता. तरी त्यानं सवयीनं कान लावला. त्या दिवशी भिंत कधी नव्हे इतक्या मोठ्यानं बोलली, असं म्हणतात. लिंबाजी दचकला. त्यानं पुन्हा पट्टी बघितली, मग लेकीचं तोंड बघितलं.

"कान म्हातारे झाले माझे," तो हसून म्हणाला. "भिंत निजली बाय. सण कर निवांत."

लेक सासरी सुखात राहावी, असं कुठल्या बापाला वाटत नाही? त्याला ती पट्टी खरी हवी होती, म्हणून ती त्याला खरी दिसली.

दसऱ्याच्या दुपारी हस्ताचा पाऊस कोसळला. वरची माती भिजून जड झाली आणि मागची भिंत बसली. पाहुणे पुढच्या ओसरीत होते, ते वाचले. केवळा मागं पुरणपोळ्या करत होती.

लिंबाजीनं एकेक दगड हातानं काढला. लेक सापडली, पण जीव गेलेला. तिच्याजवळच पट्टीचा एक तुकडा सापडला. त्याच्या टोकाला अंगठा दाबल्याची खूण होती. लहानपणापासून केवळा पट्टीचं टोक अशीच अंगठ्यानं दाबायची. लिंबाजी ते कधीच करत नसे. त्यानं त्या खुणेवर आपला अंगठा ठेवून बघितला.

"अरं, भिंत निजली म्हणाला होतास ना तू?" लोकांनी विचारलं.

"चुकलो मी," लिंबाजी म्हणाला. आणि तो तुकडा त्यानं मुठीत झाकला.

त्या हिवाळ्यात त्यानं गावातल्या प्रत्येक माळवदावरची माती एकट्यानं उतरवली. कुणाची ना म्हणायची छाती झाली नाही. त्या मातीची गावाबाहेर टेकडी झाली, असं म्हणतात. घरोघरच्या भिंतींत त्यानं आडवे दगड घातले आणि त्यातली एकही भिंत पुढं पडली नाही. फक्त ढग्यांची भिंत ऐकेना. ती त्यानं तीनदा बांधली, तीनदा त्याच जागी भेग पडली. तो घमेल्यामागून घमेलं चुना ओतायचा आणि भेग तो पिऊन टाकायची. मग तो तिला कान लावून दिवसच्या दिवस बसून राहायचा.

"काय म्हणती भिंत?" येणारे-जाणारे विचारायचे.

"आता बोलत न्हाई," तो म्हणायचा.

तसाच एक दिवस कान लावलेला तो गेला. त्याचा हात भेगेत होता, कोपरापर्यंत पांढरा. भेग काही भरली नव्हती.

तेराव्याला गोदामाय सगळ्या गावापुढं उभी राहिली. "लिंबाजी चुकला न्हाई," ती म्हणाली. "ती पट्टी माझ्या सुनेनं लावली. मी तिला लावायला लावली."

तेव्हापासून हिवरगव्हाणात दसऱ्याला सगळं घर पोतारतात, पण भेग तशीच उघडी सोडतात. पांढऱ्या भिंतीवर ती काळी रेघ बघून शेजारच्या गावची माणसं हसतात. हसू देत. नवी नवरी उंबरा ओलांडून आली की सासू तिला देवापुढं नेण्याआधी भेगेपुढं नेते आणि म्हणते, "ही आपल्या घराची भेग. हिला झाकायचं न्हाई. तुझा बाप आला की आधी त्याला दाखवायची. लिंबाजीची आण हाय."

केवळाचं नाव मात्र कुणी घेत नाही. घेववत नाही.