भानूच्या घंटेची कहाणी

ऐका जिवती आई, लेकुरवाळे, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं, नगराला वेस होती, वेशीबाहेर ओढा नि ओढ्यापल्याड तुमचं देऊळ. नगरात चंपा नावाची एक लेकुरवाळी होती. तिला लिहितावाचता येई, म्हणून लोक काय म्हणतील याची तिला काळजी दुप्पट. थोरली गोदू पाच वर्षांची, धाकटा भानू तीन वर्षांचा.

चैत्रात भानूला ताप आला. तीन दिवस राहिला, चौथ्या दिवशी उतरला, पण जाताना लेकराचं बोलणं घेऊन गेला. वैद्य झाले, अंगारे झाले, भानू बोलेना. मग चंपा नवस बोलली, "जिवती आई, लेकराला वाचा दे. श्रावणातले तीन शुक्रवार लेकरं घेऊन तुझ्या दारी येईन, आघाड्याची माळ घालीन, चण्यागुळाचा नैवेद्य दाखवीन."

पहिला शुक्रवार आला. चंपेच्या मनात आलं, पोरं समई पाडतील, नैवेद्य उष्टा करतील, बायका म्हणतील, शिकलेली ना ही? मग पोरं शेजारणीकडे ठेवली, एकटीच देवळात गेली. म्हातारी गुरवीण म्हणाली, "बाई गं, नवस लेकरांचा नि लेकरं कुठायत?"

"घरी आहेत, आजी. फार गोंधळ घालतात."

"मग घालीनात! देवी काय सोवळ्यातली सासू आहे?"

चंपा ओशाळली. माळ घातली, नैवेद्य दाखवला, घरी आली. भानू बोलला नाही.

दुसरा शुक्रवार आला. मग पोरांना न्हाऊ घातलं, तेल लावलं, वाटभर बजावलं, "धावायचं नाही, हात लावायचा नाही, बोलायचं नाही." देवळात गोदूनं विचारलं, "आई, देवीला झोप येते का गं?" चंपेनं तिला चिमटा काढला, तोंडावर बोट ठेवलं. भानूनं घंटेकडे हात केला. चंपेनं तो हात घट्ट धरला. बायका म्हणाल्या, "काय गुणाची पोरं!" चंपेला बरं वाटलं. सगळा वेळ तिनं पोरांकडेच पाहिलं. देवीला कोणतं लुगडं होतं, तेही तिला सांगता येईना.

घरी आली. म्हणाली, "गोदू, भूक लागली?" गोदूनं तोंडावर बोट ठेवलं. "गोदू, रुसलीस?" तोंडावर बोट. "गोदू, बोल गं बाई!" पुन्हा तोंडावर बोट. शेजारी भानू मुका बसलेला. चंपा मनाशी म्हणाली, एकाची वाचा मागायला गेले, नि दुसरीची दडपून आले.

तिसरा शुक्रवार आला. चंपेनं काही बजावलं नाही. बजावायचं फार तोंडाशी आलं, पण गिळलं. देवळाच्या पायरीशी तिनं दोघांचे हात सोडले नि आपल्याच तोंडावर बोट ठेवलं. गोदूनं ते पाहिलं, हसली, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी धावली. "देवी, तुला झोप येते का गं?" भानूनं नैवेद्यातला चणा उचलून तोंडात टाकला. एक बाई म्हणाली, "अगंबाई, आवर की पोराला!" चंपेचं बोट जागचं हललं नाही. गुरवीण म्हणाली, "खाऊ दे गं. देवीनंच दिलाय."

मग भानूनं घंटेकडे हात केला. चंपेनं त्याला उचललं. एकदा वाजवली, समईची ज्योत हलली. दुसऱ्यांदा वाजवली, कबुतरं उडाली. तिसऱ्यांदा वाजवली, नि चंपेचे हात भरून आले, म्हणून तिनं त्याला खाली ठेवलं. तशी भानूनं मान वर केली नि म्हणाला,

"आणिक!"

चंपेनं डोळे भरून देवीकडे पाहिलं. हिरवं लुगडं होतं. मग हात भरून आले होते तरी लेकराला पुन्हा उचललं.

त्या दिवसापासून भानू बोलायला लागला तो थांबेना. चंपा कधी कधी कानांवर हात ठेवी, मग जीभ चावी नि जिवतीची क्षमा मागे.

जशी जिवती आई चंपेला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. देवळात लेकरू ओरडलं, तर आपलं बोट आपल्याच तोंडावर ठेवायची बुद्धी देवो. ही साठां उत्तरांची कहाणी, पांचां उत्तरीं, लेकरांच्या कलकलाटात सुफळ संपूर्ण.