तिघांवरून एकच रेघ

बुधवार, सकाळी सव्वाअकरा. जालना, जुना मोंढा. मुनीर उस्तादांचं सायकल दुरुस्तीचं दुकान.

"सही करणार की नाही, तेवढं सांगा उस्ताद."

सुयोग मिसाळने कागद तिसऱ्यांदा पुढे सरकवला. उस्तादांनी तो तिसऱ्यांदा न वाचता बाजूला ठेवला आणि वर ग्रीसने माखलेला पाना ठेवला. वाऱ्याने उडू नये म्हणून. वारा नव्हता.

सुयोग याच दुकानात पंक्चर काढायला शिकला. पुढे डिप्लोमा झाला, इलेक्ट्रिक सायकली जुळवणाऱ्या एका कंपनीत लागला, आणि आता त्याच्या शर्टाच्या खिशावर 'सर्व्हिस हेड' असं शिवलेलं होतं. गेल्या महिन्यात कंपनीने तालुक्यातल्या चाळीस आशाताईंना सायकली दिल्या. मंडप होता, हार होते, कापायला फीत होती. पुढच्या चाकात मोटर होती.

सोमवारी त्यातली एक सायकल चढावर मोडली. पुढचं चाक त्याला दोन्हीकडून धरणाऱ्या चिमट्यातून निसटलं आणि चंद्रकला घुले तोंडावर पडल्या. जबडा दोन ठिकाणी मोडला. तो आता तारांनी बांधलाय, त्यांना बोलता येत नाही.

ज्यांना बोलता येत होतं त्यांनी दुसऱ्याच दिवशी अहवाल लिहिला.

'वापरकर्तीने चाकाचे नट वेळोवेळी न आवळल्याने अपघात.' अहवालात चढाचा उल्लेख नाही. खाली त्रयस्थ जाणकाराच्या सहीपुरती जागा. ती सही झाली की चंद्रकलाबाईंच्या उपचाराशी कंपनीचा संबंध संपत होता.

सुयोगने मोडकं चाक आणि चिमटा पोत्यात घालून आणला होता. पुरावा म्हणून. त्याने पोतं उस्तादांच्या पायाशी रिकामं केलं.

"हे बघा. तुमचीच रेघ आहे."

ती या दुकानाची रीत. नट आवळून झाला की लाल नेलपॉलिशची बारीक रेघ ओढायची. एक्सलच्या टोकावरून नटावर, नटावरून चिमट्यावर. तिघांवरून एकच. कुणी जागचं हललं की रेघ तुटते, मग गिऱ्हाईक आणि कारागीर दोघांचीही बोलती बंद. कंपनीत असलं काही नव्हतं. सुयोग तिथेही स्वतःच्या खिशातली बाटली काढून रेघ ओढायचा. पोरं हसायची. म्हणायची, साहेब मेकअप करतायत.

"रेघ तुटलीय," सुयोग म्हणाला. "नट सरकला. म्हणजे सैल होता. पन्नास फोटो काढलेत मी."

"चष्मा दे."

उस्तादांनी चष्मा लावला. चाक उजेडाकडे फिरवलं. बराच वेळ पाहत राहिले...

"कुठं तुटली, बेटा?"

"नट आणि चिमट्याच्या मधे."

"आणि नट आणि एक्सलच्या मधे?"

सुयोग खाली वाकला.

तिथे रेघ अखंड होती. केसाएवढीही फट नव्हती.

"नट सैल झाला असता तर आधी इथं तुटली असती. नट एक्सलवरून हललाच नाही. मग कोण हललं?"

"दोघं मिळून फिरले असतील. म्हणजे आवळ कमीच पडला ना?"

"किती आवळला होतास?"

"मशीनवर आकडा लावून. कंपनीने सांगितला त्याच्याही वर. तुमच्या हाताला जमणार नाही इतका, उस्ताद."

"वा रे पैलवान."

उस्ताद उठले. भिंतीवर टांगलेलं दुसरं एक मोटरचं चाक त्यांनी खाली काढलं, त्याच्या वायरी बॅटरीला जोडल्या आणि चाक सुयोगच्या मांडीत दिलं.

"टायर गुडघ्यांत दाबून धर. एक्सल मुठीत घे. शिकलेल्या माणसाची मूठ आहे, सोडू नको."

"हा काय पोरखेळ लावलाय..."

"धरलास?"

"धरला."

उस्तादांनी वायरीच्या टोकाचा थ्रॉटल, वेगाचा खटका, अंगठ्याने जरासा दाबला.

एक्सल मुठीत असा गरकन फिरला की सुयोग कळवळला. तळहाताचं साल निघालं होतं.

"कोण फिरलं?"

"एक्सल."

"चाक का नाही?"

"मी धरून ठेवलं होतं."

"रस्त्यावर तर चाक फिरतं. मग तिथं कुणाला धरून ठेवलेलं असतं?"

सुयोगने तळहात शर्टाला पुसला.

त्याला उत्तर येत होतं, हीच अडचण होती. मोटर चाकाला जेवढ्या जोराने पुढे रेटते, तेवढ्याच जोराने एक्सलला उलटं फिरायचं असतं. चढावर तर फारच. नट त्याला अडवत नाही. नट चाकाला जागेवर बसवतो, एवढंच. अडवायला एक लोखंडी पट्टी लागते. तिच्या एका टोकाला एक्सल घट्ट बसेल अशी खाच, दुसरं टोक चिमट्याला बांधलेलं. इथे चिमटा हलक्या ॲल्युमिनियमचा होता आणि पट्टी नव्हतीच. एक्सलच्या चपट्या कडांनी चिमट्यातली, एक्सल बसतो ती खाच कुरतडून गोल करून टाकली होती.

त्या गोल झालेल्या खाचेचा फोटो सुयोगने काढला नव्हता. पन्नासात एकही नाही.

"पट्टी कुठाय?" उस्तादांनी विचारलं.

"डिझाइनमधे नाही."

"तुला माहीत नव्हती?"

"माहीत होती!" सुयोग ओरडला. समोरचा रसवाला मान वळवून बघू लागला. "मागितली होती मी. लिहून मागितली होती. वरून सांगितलं, समारंभाची तारीख ठरलीय, पट्ट्या यायला वेळ लागेल, तू नट जास्त आवळ. काय करणार होतो मी? तुमचं बरंय उस्ताद. तुमच्या वर कुणी नाहीच!"

"मग आवळलेस?"

"आवळले."

"आणि वरून लाली लावलीस."

सुयोगने मान फिरवली. म्हणाला, "तुम्ही नाही केलीत तर ते दुसऱ्याची सही आणतील. मोंढ्यात सही करणाऱ्यांचा काय दुष्काळ आहे?"

"आणू देत. कागद त्यांचा आहे. चिमटा खोटं बोलणार नाही, आणि चिमटा आता या दुकानातून जाणार नाही. पोलीस आले तर त्यांना देईन. तुझ्या कंपनीचा माणूस आला तर त्याला दारातून परत पाठवीन."

"कंपनीची वस्तू आहे ती!"

"जबडा कुणाचा आहे?"

सुयोगचा आवाज खाली आला. "माझी नोकरी जाईल, उस्ताद."

"जाईल."

त्यात दिलासा नव्हता. सुयोगला वाटलं होतं, म्हातारा निदान 'अल्ला बघून घेईल' एवढं तरी म्हणेल. म्हातारा पाना पुसत होता.

पुसून झाल्यावर त्यांनी अहवाल उलटा केला. मागची बाजू कोरी होती. त्यावर पेन ठेवलं.

"मी लिहू?" सुयोग हसला. हसणं नीट जमलं नाही. "कंपनीच्याच माणसाने, कंपनीच्याच विरुद्ध?"

"पट्टी कुणी मागितली होती?"

"मी."

"मग मी कसं लिहू?"

सुयोगने पेन उचललं. साल गेलेला हात चुरचुरत होता, अक्षर वेडंवाकडं येत होतं. चढ लिहिला. खाच लिहिली. पट्टी मागितल्याची तारीख लिहिली. 'नको' म्हणणाऱ्याचं नाव लिहिताना तो थांबला... मग ते आडनावासकट लिहिलं, हुद्द्यासकट. 'वापरकर्तीचा कोणताही दोष नाही' या ओळीखाली इतकी जोरात रेघ मारली की कागद फाटला. सही ठोकली. खिशावरचं 'सर्व्हिस हेड' नखाने खरवडलं. ते काही निघालं नाही.

"घ्या," तो म्हणाला. उभा राहिला होता. "आता येऊ दे कुणाला यायचंय ते. काढू दे मला. कोर्टात बोलवलं तर तिथेही हेच सांगेन, त्यांच्या तोंडावर सांगेन. झालं तुमचं समाधान?"

उस्तादांनी कागद वाचला. सावकाश, शेवटपर्यंत. घडी घातली आणि त्याच्याच हातात परत दिली.

"बाकीच्या एकोणचाळीस बाया आज सकाळी कशावर गेल्या?"