धुरपाची मऊ गोळी

फार वर्षांपूर्वी, आमच्या पणज्याच्या पणज्याला दुधाचे दातही आले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. त्या वेळी आंबेखोल गाव एवढंसं होतं आणि भोवतीचं रान अफाट. आता सगळं उलटं झालंय, पण ते असो. तर घाटमाथ्यावरच्या त्या आंबेखोलात धुरपा नावाची एक ओतारीण राहत होती. ओतारी म्हणजे धातू वितळवून घंटा, समया, भांडी ओतणारे लोक. धुरपा भांडीही ओतायची, पण तिचं नाव झालं ते बंदुकीच्या गोळ्यांमुळे.

धुरपाचा नवरा लग्नानंतर दोन वर्षांत गेला आणि ती माहेरी परत आली. तिचा थोरला भाऊ येसबा. त्याने एका शब्दानेही तिला परकं केलं नाही. बाप मेला तेव्हा वाटणी झाली तीसुद्धा भांडण न होता झाली. बापाची ठासणीची बंदूक भावाला गेली आणि बापाची भट्टी, धातू वितळवायची मूस आणि साचे बहिणीला आले. तिने गोळी ओतायची आणि त्याने ती नेमकी मारायची, असं त्या दोघांचं वर्षानुवर्षं चाललं.

धुरपाची एक रीत होती. शिकारीला निघालेल्याने आधी जनावराचा माग आणून दाखवायचा. नुसतं सांगून चालायचं नाही. रानात जिथं पाऊल उमटलं असेल तिथं ओली माती दाबायची, त्या पावलाचा ठसा उचलायचा आणि फडक्यात बांधून तिच्या अंगणात आणायचा. मग धुरपा त्या मातीवरून बोटं फिरवायची. जनावर केवढं, वय काय, कोणत्या पायावर भार देतं, हे ती बसल्या जागी सांगायची. काल त्याने पोटभर खाल्लंय की उपाशी आहे हेही सांगायची, असं म्हणतात. आता यातलं किती खरं ते तुम्हीच ठरवा.

पण गोळी ती खरोखरच जनावर बघून ओतायची. वाघाला मऊ गोळी, निव्वळ शिशाची, कारण वाघाचं कातडं पातळ असतं आणि गोळी आत जाऊन पसरावी लागते. सांबराला त्याहून थोडी कडक. आणि गवा असला तर शिशात कथील घालून ओतलेली कडक गोळी, कारण गव्याच्या खांद्याचं हाड म्हणजे जात्याची तळी. तिथं मऊ गोळी लागली तर चपटी होऊन बसते आणि जनावर मरत नाही, फक्त चिडतं. गोळी थंड झाली की धुरपा घेणाऱ्यासमोर तिच्यावर अंगठ्याचं नख ओढायची. मऊ गोळीवर ओरखडा उठायचा, कडक गोळीवर उठायचा नाही. ते दाखवूनच ती गोळी हातात द्यायची. आणि द्यायची ती एकच. एका जनावराला एक गोळी. एकीत जमत नसेल त्याने घरी बसावं, असं तिचं म्हणणं होतं. हळूहळू लोक म्हणू लागले की गोळीत काय आहे, सगळं धुरपाच्या हातात आहे. तिचा हात लागलेली गोळी वाया जात नाही. दहा माणसं दहा वर्षं एकच गोष्ट सांगत राहिली की आपल्यालाही ती खरी वाटायला लागते. धुरपालाही वाटायला लागली.

मग येसबाच्या लेकीचं, तानीचं, लग्न ठरलं. वऱ्हाड घाटाखालून येणार होतं. धुरपाला स्वतःचं पोर नव्हतं, तिची सगळी माया तानीवर. तिने लग्नाच्या चाळीस भांड्यांना स्वतः कल्हई केली. हंडे, पराती, तपेली, काही सोडलं नाही. डब्यातलं होतं नव्हतं ते सगळं कथील तिने त्यात घातलं. भांडी अशी लखलखली की तानी त्यात तोंड बघून वेणी घालायची.

लग्नाला आठ दिवस उरले आणि रानातून एक एकांडा गवा खाली उतरला. कळपातून फुटलेला म्हातारा गवा फार वाईट. त्याने पाणवठ्याची वाट धरली, एक बैलजोडी फाडली आणि घाटातल्या खिंडीत ठाण मांडून बसला. वऱ्हाड येणार ते त्याच खिंडीतून. गावाने येसबाकडे बघितलं.

येसबाने गव्याच्या खुराचा ठसा आणला आणि धुरपापुढे ठेवला. सकाळची वेळ होती. धुरपाने मातीवरून बोटं फिरवली आणि तिचा हात तिथंच थांबला. एवढा खूर तिने जन्मात पाहिला नव्हता. ती उठून आत गेली, कथलाचा डबा उघडला. डब्यात काहीच नव्हतं. बाजाराला पाच दिवस होते.

बाहेरून येसबाची हाक आली, "धुरपे, ओत की गं लौकर. उन्हं कलायच्या आत जाऊन येतो."

तेव्हा तिने बाहेर येऊन एवढंच सांगायला हवं होतं की कथील संपलंय. पाच दिवस थांबले असते तर काय बिघडणार होतं? लग्नाला आठ दिवस होते. पण अंगणात चार माणसं उभी होती, आणि धुरपा ओतारणीने आजवर कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवलं नव्हतं. शिवाय तिला वाटलं, हात तर माझाच आहे. लोक म्हणतात ते काय उगाच म्हणतात? तिने भट्टी पेटवली आणि निव्वळ शिशाची गोळी ओतली. थंड झाल्यावर नख ओढलं नाही. तशीच येसबाच्या तळहातावर ठेवली. त्यानेही बघितलं नाही. बहिणीने दिलेली वस्तू कोण नखाने खरवडून बघतं?

येसबा गव्याच्या दहा पावलांवर गेला, असं म्हणतात. बार झाला. गवा गुडघ्यांवर आला, बरोबर गेलेल्यांनी आरोळी ठोकली, आणि मग गवा उठला. येसबाकडे दुसरी गोळी नव्हती.

त्याला झोळीत घालून खाली आणलं. गवा त्याच दिवशी खिंड सोडून वर रानात निघून गेला. लग्न वर्षभर पुढं गेलं. कल्हई केलेली चाळीस भांडी ओसरीवर पालथी पडून राहिली.

इथवर झालं ते वाईटच झालं, पण पुढचं माझ्या मनाला जास्त लागतं. गाव म्हणू लागलं की येसबाचा नेम चुकला. म्हातारा झाला होता, हात थरथरला असेल. कुणी म्हणालं, भ्यायला असेल. येसबाची बायको बाळाबाई पाणवठ्यावर गेली की बायका बोलता बोलता गप्प व्हायच्या. आणि धुरपा हे सगळं ऐकत होती. तिला खरं ठाऊक होतं, फक्त तिलाच, आणि ती सात महिने बोलली नाही. भाऊ गेला तो तिच्या पहिल्या गप्प बसण्याने. त्याचं नाव गेलं ते दुसऱ्याने. माणूस इतका का भितो देव जाणे, पण भितो खरा. मीही असाच गप्प बसलोय एकदोनदा, तुम्हीही बसला असाल.

आठव्या महिन्यात धुरपाने भट्टीतली सांडशी उचलली आणि एकटी रानात चढली. तीन दिवस तिचा पत्ता नव्हता. चौथ्या दिवशी गुराख्यांनी पाहिलं की वरच्या झऱ्यापाशी तो गवा लंगडत उभा आहे आणि धुरपा त्याच्यासमोर आहे. तिने हात जोडले. गवा खाली बसला. तिने सांडशीने त्याच्या खांद्यातली जुनी जखम उकरली, आणि एवढं धूड तोंडातून आवाज न काढता तसंच बसून राहिलं, असं म्हणतात. काम झाल्यावर त्याने तिचा हात चाटला आणि झाडीत शिरला. त्यानंतर तो कुणालाच दिसला नाही.

धुरपा खाली आली ती थेट चावडीवर. गाव जमलं. तिने मूठ उघडली. हातात शिशाची गोळी होती, रुपयासारखी चपटी झालेली.

"दादाचा नेम चुकला न्हवता," ती म्हणाली. "खांद्याच्या मधोमध लागली हुती. गोळीच मऊ हुती. कथील संपलं हुतं आन् मला ठावं हुतं."

कुणीतरी शिवी द्यावी म्हणून ती वाट बघत होती बहुतेक. बाळाबाई पुढं आली. तिने ती चपटी गोळी घेतली, दोन्ही तळहातांत धरली, डोळ्यांना लावली.

"मग त्येला सांगायचं व्हतंस गं," ती म्हणाली. "थांबला असता की."

एवढंच. त्यानंतर बाळाबाईने तो विषय आयुष्यात काढला नाही. तानीच्या लग्नात तिने धुरपाला आपल्या शेजारी बसवलं. पण धुरपाने साचे पुरून टाकले आणि पुन्हा गोळी ओतली नाही. ती खूप जगली. झऱ्यापाशी जाऊन बसायची आणि रानाकडे तोंड करून काहीतरी पुटपुटायची.

आता आंबेखोलात बंदुका नाहीत, शिकार तर कधीच बंद झाली. पण अजून तिथं कुणी कुणाला वस्तू दिली तर आधी तिची खोट सांगतात आणि मग हातात देतात. दोर देतील आणि म्हणतील, मधे कुजलाय हं. शिडी देतील आणि सांगतील, तिसरी पायरी डुगडुगते. सोयरीक ठरवतानाही मुलीचा बाप आधी सांगतो की पोरगी हट्टी आहे, भात करपवते. बाहेरचे पाहुणे हसतात. हसू देत. तिथं याला धुरपाचं बोलणं म्हणतात.

आणि ज्या दिवशी येसबा गेला त्या तिथीला, सकाळी, गावातल्या सगळ्या बायका शिवेवर जातात. तिथल्या झऱ्याजवळच्या दगडावर पुढे बसवलेली ती चपटी गोळी आहे, तिला हात लावतात. मग रानाकडे तोंड करून उभ्या राहतात आणि घाटात घुमेल एवढ्या मोठ्याने हाक देतात. म्हाताऱ्या देतात, नव्या सुना देतात, कडेवरच्या पोरीही बोबडं बोलतात. जे एकीला त्या सकाळी अंगणात म्हणता आलं नाही, ते साऱ्या जणी मिळून म्हणतात.

"दादा, गोळी मऊ हाय. जाऊ नको."