ओटीत पाणी घेणारी येसाई

फार वर्षांपूर्वीची, म्हणजे आपल्या खिंडीतून मिठाचे बैल जायचे तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या पायथ्याला हिवरदरे, खाली उघड्या माळावर चिंचमाळ. दोन्ही गावांच्या मध्ये एक झरा. तो भर वैशाखातही आटत नसे, म्हणून दोन्ही गावं म्हणत, झरा आमचा. शिवेचे दगड पुरात वाहून गेलेले. भांडण इतकं पेटलं की एका गावची बाई दुसऱ्या गावच्या कुंभाराचं मडकंसुद्धा घेईना.

तेव्हा शीव ठरवायची रीत अशी, की शिवेची माती पाटीत भरून डोक्यावर घ्यायची, कुळदैवताची शपथ वाहायची आणि चालायचं. चालणारा जिथून जाईल ती शीव. जो खोटं चालेल त्याचा वंश बुडेल, असं म्हणतात. मग पाटीला हात लावणार कोण?

शेवटी दोन्ही गावांना एकच नाव पटलं. येसू, चिंचमाळच्या गोंदजी पाटलांची सून आणि हिवरदऱ्याची लेक. लहानपणी तिनं याच शिवेवर वासरं राखलेली. वरच्यांना वाटलं, लेक माहेर सोडायची नाही. खालच्यांना वाटलं, पाणी भरायचंय ते सासरीच ना?

निघताना सासू तिच्या कानाशी लागली. "झरा आपल्याकडं आला नाही, तर या उंबऱ्यात पाय टाकू नकोस."

"आत्याबाई, पाय माझे आहेत. शीव माझी नाही," येसू म्हणाली आणि पाटी उचलली.

असं म्हणतात, पाऊल जरा चुकलं की पाटी धोंड्यासारखी जड व्हायची आणि नीट पडलं की पिसासारखी हलकी. येसू झऱ्याच्या खालच्या अंगानं गेली. झरा हिवरदऱ्याचा झाला.

वरचे लोक नाचायला लागले. "बघा, माहेरची ओढ!" खालून कोणीतरी टोमणा मारला. गोंदजी पाटील सुनेकडं न बघता माघारी फिरले. येसू तिथंच शिवेवर बसली.

तिचा भाऊ सुभानजी, हिवरदऱ्याचा पाटील, धावत आला. "चल येसू, घरी चल."

"दादा, माहेरवाशीण दारापर्यंत आली. रिकाम्या ओटीनं पाठवतोस?"

"खुळी का काय! जरीचा खण देतो, दुभती गाय देतो."

"खण फाटंल, गाय आटंल. पाणी घाल."

"ओटीत पाणी राहतं व्हय गं?"

"माझ्या राहील."

सुभानजीनं गावाकडं पाहिलं. नाचणारे थांबले होते. लेकीला रिकामी पाठवा, असं म्हणायला एकाचीही जीभ उचलेना. त्यानं कुदळीचा घाव घातला आणि झऱ्याचा काठ फुटला.

असं म्हणतात, येसू पदर पसरून पुढं आणि पाणी तिच्या मागं. तिनं टेकाडाला वळसा घातला, पाण्यानंही घातला. म्हणून तर तो ओढा सरळ उतार सोडून असा वाकडा जातो. चिंचमाळच्या उंबऱ्याशी पाणी पोचलं तेव्हा सासूनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि सुनेला हाताला धरून आत घेतलं. आम्ही व्यापारी माणसं, चार बाजार पालथे घातले, पण सगळं देऊन टाकून सगळं मिळवलेलं गिऱ्हाईक हे एवढंच ऐकलं.

अजूनही अक्षय्यतृतीयेच्या आधी हिवरदऱ्याचे पुरुष फावडी घेऊन उतरतात आणि ओढ्यातला गाळ काढतात. चिंचमाळचे लोक त्यांना व्याह्यांच्या मानानं पंगतीला बसवतात. पण पानावर बसण्याआधी वरचा सगळ्यात म्हातारा माणूस ओढ्यात उभा राहून विचारतो, "आमच्या लेकीला काही कमी नाही ना?"

आणि अख्खं चिंचमाळ म्हणतं, "नाही हो. ओटी भरलेली आहे."