नव्या सीटची आकडी

ओढ्याकाठच्या एका गावात शिवदास टेमगिरे नावाचा गिरणीवाला राहत होता. माणूस कष्टाचा. कुणाच्या दळणात कुणाचं दळण मिसळू न देणारा. सगळं चांगलं होतं, पण एक खोड होती. यंत्राच्या बाबतीत त्यानं आजवर कुणाला काही विचारलं नव्हतं आणि पुढेही विचारायचा त्याचा इरादा नव्हता. कुणाचा पंप बंद पडो, कुणाचा पंखा कुरकुरो, शिवदास पाना घेऊन हजर. बऱ्याचदा काम व्हायचंही. नाहीच झालं तर म्हणायचा, "यंत्रच खोडीचं हाय, मी काय करू?"

शिवदासची आई तो रांगत असतानाच गेली. त्याला वाढवलं सोनाआत्यानं. ती विधवा होऊन भावाकडे आली होती. पदरात एक मुलगी होती तरी तिनं भाच्याला घास आधी भरवला. आता आत्या थकली होती, पाठीनं वाकली होती. ओढ्यापलीकडच्या गावात तिच्या नातीला मुलगा झाला होता आणि बारसं ठरलं होतं. बाळाला सख्खी आत्या नव्हती. म्हणून कानात नाव सांगायचा मान पणजीला द्यायचा, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. आत्याला दुसरं काही सुचत नव्हतं. बाळाचं नाव ती कुणालाच सांगत नव्हती, पण चुलीपाशी बसून आपल्याशीच पुटपुटत होती.

जायचं कसं? शिवदासची मोटारसायकल होती, पण तिची सीट म्हणजे फळी. रेक्झिन फाटलेलं, आतला स्पंज उंदरांनी नेलेला. आत्याच्या पाठीला ते सोसणार नव्हतं. मग शिवदास तालुक्याला गेला आणि नवी सीट घेऊन आला. रुंद, मऊ, मागं टेकायला उशी. दुकानदार म्हणाला, "थांबा, हितंच बसवून देतो. ही गाडीच्या कंपनीची न्हाई, बाहेरची हाय. बसवायला जरा युक्ती लागती."

शिवदास हसला. "मी अख्खी गिरणी बसवली हाय राव. सीट काय चीज हाय!"

आता ही सीट बसते कशी, ते ऐका. तिच्या पोटाखाली पुढच्या बाजूला एक लोखंडी आकडी असते. पेट्रोलच्या टाकीमागं गाडीच्या सांगाड्याला एक खाच असते. आधी आकडी त्या खाचेत सरकवायची. ती अडकली की मागची भोकं आपोआप समोरासमोर येतात. मग दोन्ही बाजूंचे बोल्ट आवळायचे. इतकंच.

शिवदासनं सुरुवात मागून केली.

साहजिकच भोकं जुळेनात. त्यानं सीटवर गुडघा दिला. जुळेनात. सीट मागे ओढली, पहार घालून उचकटली, भोकाला शिवी दिली. शेवटी एका बाजूचा बोल्ट तिरका का होईना, पण शिरला. अर्ध्यावर जाऊन अडला. शहाणा माणूस इथं थांबतो. शिवदासनं पान्याला नळी लावली आणि अंगातलं सगळं बळ लावून फिरवला. बोल्ट करकरला, मग एकदम हलका झाला. आटे मेले होते. दुसऱ्या बाजूचा बोल्ट तर पोहोचतच नव्हता, तिथं त्यानं जुन्या ट्यूबची पट्टी करकचून बांधली. जमिनीवर दोन बुश आणि मूठभर वायसर उरले.

त्याची बायको विमल दळणाचं पीठ झटकत बाहेर आली. तिनं टाकी आणि सीट यांच्या मधल्या फटीत बोट घातलं.

"अवो, बोट जातंय की हितं. आन् हे सामान कशाचं उरलं?"

"जास्तीचं दिलं आसंल," शिवदास म्हणाला. "आगं, नवी गिरणी ठोकळ्यांवर ठेवली की आधी डुगडुगती. वजन पडलं की आपसूक जागा धरती. हिचंबी तसंच. आत्या बसली की बसंल ती."

गिरणीवाल्यालाच सुचावं असं हे शहाणपण! गिरणी जन्मभर एका जागी उभी असते. तिच्यावरचं वजन कुठं जात नाही. मोटारसायकल खड्ड्यातून जाते, चढावरून जाते, तिच्यावरची माणसं वर उडतात आणि खाली आपटतात. पण हे शिवदासला कोण सांगणार? त्यानं कुणाला विचारलंच नव्हतं.

बारशाच्या आदल्या दिवशी दुपारी निघायचं ठरलं. नवी सीट म्हणून विमलनं गाडीला हळदकुंकू वाहिलं, हँडलपासून सीटपर्यंत झेंडूची माळ टाकली, चाकाखाली लिंबू ठेवलं. माळेखाली ती फट झाकून गेली. शेजारचे हणमाअण्णा बघायला आले, आणखी चारजण जमले. सगळ्यांनी सीटचं कौतुक केलं. आत्या नवं लुगडं नेसून आली. तिनं सीटवरून हात फिरवला आणि भाच्याकडे बघितलं.

"शिवा, बसू का रं? घट हाय न्हवं?"

बघा, एवढाच प्रश्न होता. शिवदासच्या मनात काय नव्हतं का? तिरका बोल्ट होता, मेलेले आटे होते, ट्यूबची पट्टी होती. अर्ध्या तासापूर्वी त्यानं सीट हलवून पाहिली होती आणि ती हलली होती. "थांब आत्या, जरा बघतो," एवढं म्हटलं असतं तर काही बिघडलं नसतं. फार तर हणमाअण्णा हसले असते.

"दगडागत बसलीया," शिवदास म्हणाला. "बस बिनघोर."

आत्या बसली. भाच्याच्या शब्दावर बसली.

गावाबाहेर रस्ता बरा होता. आत्या खुशीत होती. मागं टेकून ती सांगत होती की असली गादी तिच्या लग्नातही नव्हती. शिवदासची छाती फुगली होती. ओढा आला, पूल ओलांडला, पलीकडचा चढ लागला. चढावर पावसानं पडलेली एक आडवी चर होती. दणका बसू नये म्हणून गाडीवाले करतात तेच शिवदासनं केलं. पायदानांवर पाय रोवून उभा राहिला.

त्याच्या अंगाचं वजन सीटच्या पुढच्या भागावरून उठलं. मागं आत्याचं वजन होतं. पुढं धरून ठेवायला काहीच नव्हतं, कारण आकडी मोकळी होती. मागची ट्यूबची पट्टी ताणून तुटली आणि मेल्या आट्यांचा बोल्ट निसटला. चर ओलांडून शिवदास खाली बसला, आणि त्याच्या तोंडून किंकाळी निघाली.

खाली सीटच नव्हती. नुसतं लोखंड होतं.

त्यानं मागं वळून पाहिलं. अरे देवा! सीट रस्त्यात पालथी पडली होती, झेंडूची माळ तिला तशीच गुंडाळलेली होती, आणि पलीकडे आत्या पडली होती. हलत नव्हती. शिवदासनं गाडी तशीच टाकली. चाक फिरत राहिलं. तो धावला. ज्या बाईनं त्याला पाळण्यात घालून जोजवलं, तिला त्यानं चढावरून रस्त्यावर फेकलं होतं. हे त्याचं त्यालाच खरं वाटेना.

आत्यानं डोळे उघडले. कपाळ फुटलं होतं, उजवा हात वाकडा झाला होता. तिनं पहिलं काय विचारलं असेल?

"शिवा, तुला लागलं का रं?"

आणि मग म्हणाली, "माझंच चुकलं. मी मागं रेलले. सीट नवी, मला नेटकं बसता आलं न्हाई."

शिवदासनं तोंड उघडलं. तेवढ्यात शेतातली माणसं धावत आली, आणि त्याचं तोंड मिटलं.

हात मोडला होता. दवाखान्यात प्लास्टर घातलं, कपाळाला टाके पडले, आणि संध्याकाळी आत्याला घरी आणलं. गाव लोटलं. जो तो विचारी, काय झालं? आणि जो तो आपलं मत देई. कुणी दुकानदाराला दोष दिला. हणमाअण्णांनी मान हलवली. "ह्या वयात गाडीवर बसूच नये. तोल ऱ्हातो का?"

आत्या प्रत्येकाला तेच सांगत होती. "खरं हाय अण्णा. माझंच अंग जड झालं. पोरानं एवढी हौसेनं सीट आणली, आन् मी म्हातारीनं तिची माती केली. बिचारा घाबरला किती! त्याला कुणी बोलू नका." जितके लोक आले तितक्या वेळा तिनं हे सांगितलं. शिवदास तिच्या उशाशी बसला होता. पाणी देत होता, उशी सरळ करत होता. सगळं करत होता. एक वाक्य बोलत नव्हता.

शेवटी आत्या विमलला म्हणाली, "उद्या निरोप धाड. नाव दुसऱ्या कुणालाबी सांगू दे. मला आता कुटं न्हेऊ नका. मी हितनं पुढं घराभाईर पडायची न्हाई. माझा माझ्यावरच भरवसा ऱ्हायला न्हाई."

शिवदासनं हे ऐकलं. हात मोडला तो दिसत होता. पण हे काय मोडलं होतं?

सकाळी तो गाडीपाशी गेला. लोकांनी ती ढकलत घरी आणली होती आणि सीट कट्ट्यावर ठेवली होती. आयुष्यात पहिल्यांदाच तो गाडीखाली आडवा झाला आणि खालून बघू लागला. टाकीमागं ती खाच होती. खाचेतली धूळ जशीच्या तशी होती. तिथं आकडी कधी शिरलीच नव्हती! त्यानं सीट उचलली, आकडी खाचेसमोर धरली आणि हळूच पुढं सरकवली. खट् असा आवाज आला. मागची भोकं समोरासमोर आली. राहिलेला धड बोल्ट त्यानं भोकात ठेवला आणि बोटानं फिरवला. नुसत्या बोटानं. लोण्यात सुरी जावी तसा तो आत गेला.

 इतकं सोपं होतं! बळ नको, पहार नको, नळी नको. फक्त वाकून बघायला हवं होतं. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

विमल दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. ती एवढंच म्हणाली, "हे मला नगा दावू. आत जाऊन सांगा."

आत हणमाअण्णा आणि बायका पुन्हा जमल्या होत्या. आत्या पुन्हा तेच सांगत होती. शिवदास सगळ्यांच्या मधे जाऊन उभा राहिला.

"आत्या, तू पडली न्हाईस. मी तुला पाडलं. आकडी बसलीच नव्हती. बोल्टाचं आटं मेलं व्हतं. सीट हलत व्हती, आन् ते मला ठावं व्हतं. चारचौघांत विचारायची लाज वाटली म्हणून मी दगडागत बसलीया म्हणालो."

 हणमाअण्णांचा आ वासलेला तसाच राहिला. आत्या भाच्याकडे बघत राहिली. जणू तो कुणी अनोळखी माणूस होता.

"शिवा," ती म्हणाली, "सीटचं जाऊ दे. चूक कुणाच्या हातनं व्हत न्हाई? हात मोडला, त्योबी जुळंल. पण काल सांजच्याला मी दारात आलेल्या हरेक माणसापुढं सवताला नावं ठेवीत व्हते. माझं बळ गेलं, मी संपले, आसं मानून बसले. आन् तू माझ्या उशाशी बसून ते ऐकत व्हतास?"

 शिवदासनं आत्याच्या पायांवर डोकं ठेवलं. आत्यानं पाय मागं घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही ठेवला नाही. ती भिंतीला धरून उठली.

"विमल, माझं लुगडं काढ. बारशाला जायाचंय."

"मी सोडतो आत्या," शिवदास कळवळून म्हणाला. "दुसरा बोल्ट आत्ता आणतो. आता आकडी बसलीया, सगळ्यांना दावतो—"

"बसली आसंल," आत्या म्हणाली. "पण तू सांगतोस म्हणून मला आज ते खरं वाटायचं न्हाई. मी यष्टीनं जाती."

आणि ती गेली. प्लास्टरचा हात गळ्यात, कपाळाला पट्टी, दुसरा हात विमलच्या खांद्यावर. सारा गाव बघत राहिला. ओढ्यापलीकडच्या घरात पाळणा सजला होता. मोडक्या हातानिशी आत्या पाळण्यावर वाकली आणि पणतूच्या कानात तिनं नाव सांगितलं. शिवदास चालत तिथवर गेला होता. तो अंगणातच उभा राहिला. बायकांचा आनंदाचा गलका बाहेर आला, पण नाव काय ठेवलं ते त्याला ऐकू आलं नाही, आणि आत जाऊन विचारायची त्याला छाती झाली नाही.

तात्पर्य: जे नीट बसलं नाही ते बसलं म्हणू नये, आणि चुकून म्हटलंच, तर आपला दोष निरपराध माणसानं स्वतःच्या पदरात घ्यायच्या आत खरं सांगून टाकावं. मोडलेलं हाड जुळतं, पण आपल्या गप्प बसण्यानं मोडलेला विश्वास तसा जुळेलच असं नाही.