आरोपीच्या शेजारची खुर्ची

“आणि त्याच्या बाजूनं कोण उभं राहणार?” सायलस अंकलनी विचारलं.

“कोणी नाही,” ऑरिन हॅस्कल म्हणाला. “जिल्ह्यातला एकही वकील तयार नाही.”

“तू अडवलंस त्यांना?”

“मला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही.”

अंकल शेगडीसमोर हात धरून बसून राहिले...

अमेरिकेतल्या ओहायो नदीच्या काठी एक लहानसं गाव होतं, तिथली ही गोष्ट. तिकडचं यादवी युद्ध अजून पेटायचं होतं. ऑरिन हॅस्कल त्या भागातला नावाजलेला वकील. राज्याच्या विधिमंडळात निवडून गेलेला, आणि आता पक्ष त्याला वॉशिंग्टनला सिनेटवर पाठवणार, असं जो तो धरून चालला होता. तो बोलायला उभा राहिला की माणसं शेतातली कामं टाकून ऐकायला येत.

पण हे सगळं ज्यांनी घडवलं ते जुने वकील सायलस वेदरबी. ऑरिनचा बाप कातडी कमावायचा. तो पटकीच्या साथीत गेला, मागोमाग आईही गेली. तेव्हा सायलस अंकलनी या पोरक्या मुलाला आपल्या कचेरीत ठेवून घेतलं. त्या काळी तिकडे वकिली शिकायला कॉलेजात जावं लागत नसे. एखाद्या वकिलाच्या हाताखाली राहायचं, त्याची पुस्तकं वाचायची, तो कोर्टात कसा बोलतो ते बघायचं. ऑरिन तसाच शिकला. त्याचं मर्सीशी लग्न लागलं, तेव्हा वडिलांच्या जागी सायलस अंकलच उभे होते.

आता अंकल ऐंशीच्या घरात पोचले होते. डोळे पार गेले होते. कोर्टाची पायरी सोडून त्यांना कित्येक वर्षं झाली होती.

आणि ऑरिनचा मुलगा एडविन, दोन बहिणींचा एकटा भाऊ, उन्हाळ्यात वारला होता.

नदीच्या धक्क्यावर भांडण झालं होतं. एडविन मित्रांबरोबर तिथे गेला होता. होडीवर काम करणारा कॉर्मक ड्वायर नावाचा एक आयरिश पोरगा, नुकताच जहाजातून आलेला, एडविनच्याच वयाचा. शब्दाला शब्द लागला. कॉर्मकनं वल्हं उचललं. एडविन दगडावर पडला तो उठलाच नाही.

खुनाचा खटला त्या सकाळी उभा राहायचा होता. सरकारी वकिलाच्या जोडीला ऑरिन स्वतः उभा राहणार होता. तिकडे तशी मुभा होती. मेलेल्याचा बाप, आणि त्यात असा वक्ता... फाशी ठरल्यातच जमा होती. कोर्टात जाण्याआधी गुरूच्या पाया पडावं तसा तो अंकलकडे आला होता. त्यांनी फक्त ‘जा’ म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

अंकलनी ते म्हटलं नाही. म्हणाले, “माझा काळा कोट खुंटीवर आहे का बघ.”

“कुठे जायचंय तुम्हाला?”

“कोर्टात.”

“मला ऐकायला?”

“नाही,” अंकल म्हणाले. “त्याच्या बाजूनं उभं राहायला.”

ऑरिनला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग त्याच्या अंगाची लाही झाली. त्यानं पुष्कळ बोलून घेतलं. एडविनला याच मांडीवर खेळवलंत, हे विसरलात का, असंही विचारलं. अंकलनी सगळं ऐकून घेतलं. विसरलो नाही, रोज आठवतो, एवढंच म्हणाले. आणि खुर्चीच्या पाठीला धरून उठले. भिंत चाचपत खुंटीपर्यंत गेले. कोट अंगात घातला. बटणं काही लागेनात...

ऑरिन बघत उभा राहिला. मग पुढे झाला आणि ती बटणं त्यानं लावली. का लावली, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

घरात दुसरं कोणी नव्हतं. आंधळ्या माणसाला रस्त्यावर एकटं कसं सोडायचं? त्यानं अंकलचा हात धरला.

गावाच्या मोठ्या रस्त्यावर त्या दिवशी जत्रा लोटली होती. खटला बघायला लांबलांबहून गाड्या जुंपून लोक आले होते. मेलेल्या मुलाचा बाप येतोय म्हटल्यावर टोप्या उतरल्या. पण त्याच्या हाताला कोण आहे आणि कशासाठी चाललंय, ही बातमी त्यांच्या पुढे पुढे धावत गेली. लोहाराच्या दारात घोडा नाल ठोकायला धरला होता, तिथला हातोडा थांबला. ऑरिनची मान खाली होती. लाकडी पदपथाच्या जुन्या फळ्या उखडलेल्या जागी तो हळूच सांगत होता, “पायरी आहे... आता खड्डा आहे...”

अंकल त्याच्या सांगण्याबरहुकूम पाय टाकत होते.

कोर्टात ऑरिननं त्यांना आरोपीच्या टेबलाशी नेऊन बसवलं. कॉर्मक ड्वायर तिथे होता. बेड्या घातलेला, केस तुरुंगात कापलेले. ऑरिननं त्याच्याकडे बघितलं नाही. तो वळला आणि समोरच्या टेबलाकडे निघाला. सरकारी वकिलानं त्याच्यासाठी खुर्ची मागे ओढून ठेवली होती.

तेवढ्यात न्यायाधीशांनी विचारलं, आरोपीच्या वतीनं कोण आहे?

सायलस वेदरबी उठले. घसा साफ केला आणि ज्यूरीला उद्देशून बोलायला सुरुवात केली. एके काळी ज्या आवाजानं खिडक्यांची तावदानं थरथरत, तो आवाज आता खोल गेला होता. पण ऑरिनच्या काळजात चर्र झालं ते त्यामुळे नाही.

अंकल भिंतीकडे तोंड करून बोलत होते.

ज्यूरी उजवीकडे होती. अंकल डावीकडच्या कोऱ्या भिंतीला ‘सद्गृहस्थहो’ म्हणत होते. मागच्या बाकांवर कोणीतरी खुदकन हसलं...

ऑरिन अर्ध्या वाटेवर उभा होता. याच माणसानं त्याला कोर्टात उभं कसं राहायचं ते शिकवलं होतं. पाय कुठे ठेवायचे, हात कुठे, नजर कोणावर. आरोपीचं काय व्हायचं ते होवो. पण त्या हसण्यानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो परत आला. अंकलच्या दोन्ही खांद्यांना धरून त्यानं त्यांना हलकेच ज्यूरीकडे वळवलं.

“इथे,” तो म्हणाला.

अंकलनी मान हलवली आणि बोलणं जिथे तुटलं होतं तिथून पुढे सुरू केलं.

पण थोड्या वेळानं ते पुन्हा भरकटले. पुन्हा वळवावं लागलं. शेवटी ऑरिन तिथेच, आरोपीच्या शेजारच्या खुर्चीत बसला. सरकारी वकील उभाच राहिला. न्यायाधीशांनी ऑरिनकडे पाहिलं आणि पहिला साक्षीदार बोलावला.

साक्षी सुरू झाल्या. प्रत्येक साक्षीदार उभा राहिला की अंकल ऑरिनकडे कलायचे आणि दबक्या आवाजात विचारायचे, कसा दिसतो? कुठे बघतो? हात काय करताहेत? वकिलाला हे डोळ्यांनी टिपावं लागतं, आणि डोळे तर ऑरिनकडे होते. ऑरिन सांगत गेला. धक्क्यावरचा मुकादम टोपी चुरगाळतोय. डॉक्टर ताठ उभा आहे, काही दडवत नाही. तो खरं तेच सांगत होता. खोटं सांगणं त्याला जमलं असतं. पण या माणसाच्या कानात त्यानं जन्मात कधी खोटं सांगितलं नव्हतं.

मग ल्यूथर पेन उभा राहिला. एडविनचा जिवाभावाचा मित्र. रोज घरी येणारा. मर्सीच्या हातचं जेवलेला. त्यानं शपथ घेतली आणि सांगितलं की एडविन नुसता उभा होता, त्यानं बोटसुद्धा उचललं नव्हतं.

अंकलनी त्याला एकच प्रश्न विचारला. पहिला हात कोणी टाकला?

ल्यूथर थांबला...

अंकल ऑरिनकडे कलले. “काय दिसतं?”

ऑरिनची नजर ल्यूथरवर खिळली होती.

“ऑरिन. काय दिसतं तुला?”

ऑरिनला दिसत होतं. पोराचा चेहरा पांढराफटक पडला होता. ओठ हलत होते आणि शब्द फुटत नव्हता. न्यायाधीशांकडे नाही, ज्यूरीकडे नाही, तो एकट्या ऑरिनकडे बघत होता. एडविनचा राग कसा होता ते घरात सगळ्यांना माहीत होतं. लहानपणी तो रागावला की मर्सी खोलीतल्या काचेच्या वस्तू उचलून ठेवायची.

“तो माझ्याकडे बघतोय,” ऑरिन म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. “त्याला माझी भीती वाटतेय.”

अंकल थांबून राहिले. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही.

ऑरिननं त्या मुलाकडे पाहिलं आणि मान खाली-वर हलवली. एकदाच, सावकाश. सांग.

ल्यूथर रडायला लागला. मग त्यानं सांगितलं. पहिला हात एडविनचा होता. दुसराही. कॉर्मक पडला होता, उठू लागला तर एडविननं लाथ घातली, तेव्हा त्यानं वल्हं उचललं.

मागच्या बाकांवर मर्सी बसली होती. ती उठली आणि मुलींना घेऊन निघून गेली.

ज्यूरी बाहेर जाऊन लवकरच परत आली. खून नव्हे, असं त्यांनी सांगितलं. कॉर्मक ड्वायरला काही वर्षांची कैद झाली. फाशी टळली. कायद्याच्या भाषेतला निकाल त्याला धड कळलासुद्धा नाही. कोणीतरी समजावून सांगितलं, तेव्हा त्यानं चेहरा बेड्या घातलेल्या हातांत घेतला. त्याचे खांदे हलत होते. ऑरिन वीतभर अंतरावर बसला होता. तो हलला नाही.

पुढे काय झालं ते त्या भागात अजून सांगतात. सिनेटवर दुसराच कोणीतरी गेला. पोटच्या पोराच्या मारेकऱ्याला सोडवणारा माणूस, असं पक्षातले लोक म्हणाले. मर्सी नवऱ्याशी हिवाळाभर बोलली नाही. पानं वाढायची, दिवा लावायची, पण बोलायची नाही. बर्फ वितळू लागलं तेव्हा एका सकाळी तिनं विचारलं, तो पोरगा दिसायला कसा होता? ऑरिननं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पुन्हा कामाला लागली. पण त्या दिवसापासून ती बोलायला लागली.

ऑरिननं पुढे आयुष्यभर वकिली केली. ज्यांच्या बाजूनं कोणी उभं राहत नसे, अशी माणसं त्याचं दार ठोठावू लागली. तो कोणाला परत पाठवत नसे. त्याच्या मोठ्या मुलीनं एका शिक्षकाशी लग्न केलं, धाकटी बापाच्या कचेरीत बसून कागद लिहू लागली. बायका तिकडे तेव्हा वकील होत नसत, पण अर्धी कामं तीच बघते असं लोक म्हणत.

खटल्यानंतरची ती थंडी सरल्यावर सायलस अंकल अंथरुणाला खिळले. ऑरिन रोज दुपारी जाऊन बसायचा. एका दुपारी तो म्हणाला, “अंकल, एक गोष्ट मनात सलते आहे.”

“बोल.”

“लोक म्हणतात, मी त्याला क्षमा केली. काही जण मला देवमाणूस म्हणतात... ते खोटं आहे. मी त्याला क्षमा केलेली नाही. त्या दिवशीही नव्हती केली, आजही नाही. त्याचं नाव ऐकलं तरी हात शिवशिवतात. मग मी तिथे बसलो, ते सोंगच म्हणायचं ना?”

अंकलचे आंधळे डोळे छताकडे लागले होते. बाहेर कुणीतरी विहिरीवर पाणी शेंदत होतं, रहाटाचा आवाज येत होता... मग रहाट थांबला.

“क्षमा करून तिथे कोणीही बसला असता,” ते म्हणाले. “तू न करता बसलास.”