कोतवालाचा कार्यक्रम आणि टिटवीची हाक

नदीकाठच्या एका जंगलात एक टिटवी राहत असे, आणि मुलांनो, तिला पहिल्यांदा खटकलं ते अगदी एवढंसं होतं : कोतवालानं प्रश्न विचारायच्या आधीच समोरची माकडं हसायला लागली होती. हा कोतवाल म्हणजे काळाभोर, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी. रोज संध्याकाळी पळसाच्या फांदीवर पाहुण्यांना बोलावून तो मुलाखती घ्यायचा आणि कुणाचाही आवाज हुबेहूब काढायचा. सारं जंगल त्या कार्यक्रमाला लोटायचं. टिटवी मुळातच घाबरट, स्वतःच्या सावलीला दचकणारी. तरी ती गेली, कारण उन्हाळ्यात पोटाची पिसं भिजवून अंडी गार कशी ठेवायची, हे तिला सगळ्यांना सांगायचं होतं.

"काय टिटवीताई, आभाळ कोसळेल म्हणून पाय वर करून झोपता म्हणे?" कोतवालानं विचारलं.

"नाही हो, मी तर..."

"टिटिव-टिव! टिटिव-टिव!" तो तिच्याच आवाजात ओरडला. "ऐकलंत? पान पडलं, पळा!" माकडं हसता हसता फांदीवरून घसरली.

दुसऱ्या दिवशी जंगलात वाद पेटला. "कोतवालानं माफी मागावी," हरणं म्हणाली, "तिच्या हाकेवर आमचे जीव वाचतात." माकडं म्हणाली, "एवढी गंमत सोसत नाही, तर यायचं कशाला?" कोतवाल फांदीवर झुलत म्हणाला, "माफी? अहो, मी तिचं नाव जंगलभर केलं!" आणि दिवसभर तो जिथं तिथं टिटवीचीच हाक मारत सुटला. हरणं चार वेळा उगाच पळाली; पाचव्यांदा त्यांनी मानही वर केली नाही. बाकीच्या टिटव्या तर लाजेनं मुक्याच झाल्या. "तूही जरा गोड आवाज काढ ना, बाई," शेजारीण म्हणाली. पण टिटवी म्हणाली, "ही हाक मला माझ्या आईनं दिलीय. ती मी बदलायची नाही."

तिसऱ्या दिवशी भर दुपारी दगडगोट्यांमधून एक मुंगूस तिच्या चार अंड्यांकडे निघालं. टिटवी पंख पसरून त्याच्या आडवी आली आणि ओरडली, "टिटिव-टिव!" एकट्या टिटवीला मुंगूस भीत नाही, चार-पाच जणी मिळून झडप घालतात, तेव्हाच ते पळतं. पण कुणी आलं नाही. "कोतवालाचंच चाललंय," असं म्हणून हरणं चरत राहिली. ती पुन्हा ओरडली आणि कानोसा घेत थांबली. पुन्हा ओरडली, पुन्हा थांबली. मुंगूस दोन हातांवर आलं. तरी ती जागची हलली नाही.

पलीकडच्या काठावर एका म्हाताऱ्या टिटवीनं मान उचलली. "अगं बायांनो, ही नक्कल नव्हे! ही मध्येच थांबतेय, कुणी ओ देतंय का बघतेय. तो मेला कधी कुणाचं ऐकायला थांबलाय का?" आणि ताठ मानेनं, अख्ख्या जंगलाला ऐकू जाईल अशी तिनं साद दिली, "टिटिव-टिव! आलो गं, आलो!" लाजेनं मुक्या झालेल्या टिटव्याही तिच्यामागून झेपावल्या, आणि मुंगूस पळालं.

तात्पर्य : आवाजाची नक्कल करता येते, त्यातल्या काळजीची येत नाही, म्हणून कुणी कितीही हसलं, तरी आपली खरी हाक बदलू नये.